चादरीचं दुसरं टोक

प्रिय फुटपट्टी,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकशील. फोन हाताशी असताना पत्र पाठवणारी बाई म्हणजे एक तर प्रेमात पडलेली, नाही तर डोक्यावर परिणाम झालेली, असं तू काउंटरवर सगळ्यांना सांगशीलही. सांग, पण पाकीट फोडायच्या आधी सांग. वाचून झाल्यावर मात्र कुणाला काही बोलू नकोस. तू फोन करतेस आणि मी उचलत नाही, उचलला तरी "बरं चाललंय, नंतर बोलते" म्हणून ठेवते. तू चिडली असशील. चिड. पण त्याचं कारण फोनवर सांगता येण्यासारखं नाही. इथे घर म्हणजे दोन खोल्या, आणि मी फोनवर असले की हे समोर बसलेले असतात. मुद्दाम बसतात असं नाही, बसायला दुसरी जागाच नाही.

हे पत्र मी मिरचीच्या शाळेबाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. कामावरून सुटले की शाळा सुटेपर्यंत इथे येऊन बसते. बाकी आया उभ्या असतात, एकमेकींशी बोलतात, मध्येच माझ्याकडे बघून हसतात. मीही हसते. आल्यापासून एवढी हसलेय की गालाला कळ लागते. बोलता येत नाही त्या माणसाला हसण्यावाचून दुसरं काय येतं?

पहिल्या दिवसापासून सांगते. विमानतळावर हे आले होते. आठ महिन्यांत केवढे बारीक झाले होते म्हणून सांगू! मिरचीने आधी ओळखलंच नाही, माझ्यामागे लपली. मग त्यांनी तिला उचललं आणि तिचा तोंडाचा पट्टा सुरू झाला. मीही सुरू झाले. तुला माहीतच आहे मी. शेठ म्हणायचे ना, हिला पगार दिला नाही तरी चालेल, बोलायला गिऱ्हाईक दिलं की पुरे! तर आम्ही दोघी बसमध्ये बडबडत होतो आणि ह्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हटलं, "हळू. इथे एवढ्या मोठ्यानं कुणी बोलत नाही." मी आजूबाजूला बघितलं. खरंच, गाडी भरून माणसं आणि मयताला जमल्यासारखी चिडीचूप. मी हळू झाले. तेव्हा काही वाटलं नाही. नव्या सासरी आल्यावर चार दिवस हळूच बोलतो की आपण.

खोल्या चौथ्या मजल्यावर आहेत. खिडकी वीतभर उघडते, पुढे अडते. भिंती कागदाच्या असाव्यात, कारण पलीकडच्या माणसाच्या शिंकेलाही मिरची "जपून" म्हणते. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, गॅलरीत कपडे वाळत घालायचे नाहीत, ठरलेल्या वेळेनंतर नळ मोठा सोडायचा नाही. शेगडीला जाळच नाही, काळी काच तापते. ती तापलीय की नाही हे बघायला मी बोट लावलं, त्याचा फोड अजून आहे. पहिल्याच सकाळी भाजीला फोडणी दिली, तर छताला चिकटवलेलं एक डबडं असं किंचाळायला लागलं की खालची म्हातारी घरातल्या कपड्यांनिशी वर आली. हे खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालतायत, मिरची टाळ्या पिटतेय आणि मी म्हातारीला सांगतेय, "आजी, काही नाही हो, नुसती मोहरी." ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग ह्यांच्याशी दोन शब्द बोलली आणि गेली. ती काय म्हणाली, विचारलं, तर हे म्हणाले, "हळू राहा म्हणाली." त्या दिवसापासून आमच्या घरात तो एकच मंत्र आहे. हळू. दार हळू, पाय हळू, बोलणं हळू, हसणंसुद्धा हळू.

हे स्वतःही बदललेत. आपल्याकडे लिफ्ट दुरुस्त करून आले की अर्धा तास तिथल्या सोसायटीच्या गमती सांगायचे. इथेही तेच काम, पण घरी आले की बूट काढतात आणि हातांकडे बघत बसतात. मिरचीचं बरं आहे. ती शाळेतून रोज दोन-चार शब्द उचलून आणते आणि मला शिकवायला बसते. मी म्हटलं की हसून लोळते. माझी जीभ आता वळत नाही गं. जिने सहावारीचे पन्नास रंग एका दमात सांगितले, ती जीभ "मीठ कुठे आहे" एवढं विचारताना अडते. दुकानात कुणाला विचारायचं कामही नाही म्हणा. माणूसच नसतं. आपण माल उचलायचा, आपणच यंत्राला दाखवायचा आणि चालू पडायचं. घासाघीस नाही, "जरा दुसरा दाखवा" नाही. आपली दोघींची तिथे उपासमारच झाली असती.

दुसऱ्या आठवड्यात मला काम लागलं. धुलाईचा मोठा कारखाना आहे, हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी येतात. ह्यांच्या ओळखीच्या कुणीतरी सांगितलं की तिथे भाषा लागत नाही. मला आनंदच झाला. म्हटलं, कापडच आहे, कापड काय आपल्याला परकं? पहिल्या दिवशी चादरीला हात लावला आणि डोळे भरले बघ. जाड सुती, घट्ट विणीची, शेठनी "गादीला दिली तर गादी लाजेल" म्हणून खपवली असती अशी.

तिथे इस्त्रीचं यंत्र आहे. आपल्या दुकानाच्या रुंदीचं असेल. आत तापलेले मोठे रूळ फिरत असतात. दोन बायकांनी ओल्या चादरीची दोन टोकं धरायची, ताणायची आणि रुळांच्या तोंडात द्यायची. पलीकडून ती कडक होऊन निघते. आवाज एवढा की ज्यांना भाषा येते त्याही बोलत नाहीत. माझ्या चादरीचं दुसरं टोक जिच्या हातात असायचं ती बाई आपल्याच वयाची. कुठल्या तरी तिसऱ्याच देशातली. तिला इथली भाषा माझ्याइतकीच, म्हणजे नाहीच. पण काय सांगू तुला, आमचं इतकं जमलं! ती भुवयांनी बोलायची. मुकादमीण आली की एक भुवई वर. मुकादमीण गेली की दोन्ही खाली. फाटकी चादर आली की असा चेहरा करायची, जसा काही तिच्याच अंगावरचा पदर फाटलाय. जेवणाच्या सुट्टीत आपल्या डब्यातलं मला द्यायची, माझ्यातलं घ्यायची, आणि तिखट लागलं की भुवयांचा नुसता नाच. मी तिच्याशी सरळ मराठीत बोलायचे. ती तिच्या भाषेत उत्तर द्यायची. एक शब्द कळत नव्हता दोघींना, पण अख्ख्या देशात मी मोठ्यानं बोलायचे ती फक्त तिच्याशी. तिला मी मनात भुवईच म्हणायचे.

आता नीट वाच. रुळांच्या तोंडाशी एक आडवी पट्टी असते. हात फार पुढे गेला, पट्टीला लागला, की यंत्र आपोआप थांबतं. त्याच्यासाठीच असते ती. पण चादरीचा गोळा लागला तरी थांबतं, आणि थांबलं की काम मागे पडतं. म्हणून आमची मुकादमीण रोज सकाळी स्टुलावर चढायची आणि फाटक्या चादरीच्या चिंधीने ती पट्टी वर बांधून टाकायची. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. सगळ्यांनीच बघितलंय. भुवई उभी राहायची त्या टोकाला रुळावरचं अस्तर झिजलंय, तिथे चादरीला चुण्या पडतात. मग ती तळव्याने चुणी सारखी करायची. मी डोळे मोठे करायचे, ती भुवया उडवायची, म्हणजे "काही होत नाही गं."

त्या दिवशी दवाखान्याच्या चादरी होत्या. चुणी पडली, तिने हात पुढे केला, आणि मला दिसलं की नेहमीपेक्षा जास्त पुढे गेलाय. मी ओरडले. माझ्या घशातून काय येणार? मराठीच येणार. "अगं हात! हात काढ!" तिने माझा आवाज ऐकला. आवाज माझा म्हणून ओळखला. आणि हात काढायचा सोडून तिने माझ्याकडे वळून बघितलं. हसत. मी रोज काही तरी बोलायचे ना, तसंच काही तरी असेल म्हणून. तेवढ्यात हात गेला.

मी धावले, भिंतीवरचं लाल बटण दाबलं, यंत्र थांबलं. पुढचं लिहीत नाही. उजव्या हाताची बोटं गेली, अंगठा राहिला. तिला नेलं. आणि गर्दी हटायच्या आत मुकादमीण स्टुलावर चढून चिंधी सोडत होती. पट्टी खाली आली. कुणी आत्ता येऊन बघितलं असतं तर सगळं जागच्या जागी.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. तिच्या सगळ्यात जवळ मी होते. बोलायला कुणी तरी हवं म्हणून ह्यांनी सुट्टी घेतली. काचेची खोली, टेबलावर पाणी, डोळे पुसायचे कागद. साहेब अगदी सभ्य माणूस. त्याने विचारलं, ह्यांनी मला सांगितलं, "काय झालं ते विचारतायत." मी तयारच होते. बसमध्ये मनाशी घोकूनच आले होते. आपण गिऱ्हाइकाला कापडातली खोट दाखवतो ना, काही न लपवता, बोट ठेवून, तसं मी पहिल्यापासून सांगितलं. पट्टी, चिंधी, स्टूल, झिजलेलं अस्तर, चुण्या, माझं ओरडणं, लाल बटण, मग सुटलेली चिंधी. हातवारे करून दाखवलं. आल्यापासून पहिल्यांदा मी पोटभर बोलले, आणि हळू बोलले नाही. घाम आला मला बोलून.

मग ह्यांनी साहेबाला सांगितलं. चार शब्द. फार तर पाच असतील.

साहेबाने मान हलवली, एक ओळ लिहिली, छातीवर हात ठेवून माझ्याकडे बघून काही तरी मऊ आवाजात बोलला, आणि उठला. झालं.

जिन्यात मी विचारलं, "एवढंच सांगितलंत?" तर हे म्हणाले, "त्यांच्या भाषेत थोडक्यात होतं." मी म्हटलं, बरं. मी येडी. पण बसच्या थांब्यावर उभं राहिल्यावर मला राहवेना. चादर, हात, यंत्र एवढे शब्द तर मिरचीने मलाही शिकवलेत, त्यातला एकही माझ्या कानावर आला नव्हता. मी पुन्हा विचारलं. ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "तुझी पाठ होती, तू काही पाहिलं नाहीस, असं सांगितलं." मग माझ्याकडे वळले. "आपले राहायचे कागद अजून कच्चे आहेत. पाण्यात राहून माशाशी वैर करायचं का? तू खरं सांगून तिचा हात परत येणारे का? उद्या आपल्या तिघांना परत पाठवलं, तर तिकडे काय आहे आपलं? मिरचीला काय सांगू?" फुटपट्टी, हे वाईट नाहीत गं. तुला ठाऊक आहे. माझ्या बाळंतपणात रात्रभर दवाखान्याच्या पायरीवर बसलेला माणूस आहे हा. पण मी जे सांगितलं ते त्यांच्या तोंडात शिरलं आणि दुसऱ्या बाजूने माझंच खोटं होऊन बाहेर आलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो आजवर ऐकला होता. इथे तर माझं तोंड कुणी दाबलंही नाही. मला बोलू दिलं, पोटभर.

त्यानंतर एका रविवारी दुपारी ह्यांना कुठल्याशा अडकलेल्या लिफ्टसाठी जावं लागलं, आणि दार वाजलं. मिरचीने उघडलं. दारात भुवई, पत्ता कुणाकडून मिळवला कोण जाणे. खांद्याला प्रवासाची पिशवी, उजवा हात पांढऱ्या बोचक्यासारखा गुंडाळलेला. आत आली नाही. तिने डाव्या हाताचं बोट आधी माझ्या डोळ्यांकडे केलं, मग आपल्या बोचक्याकडे, मग माझ्या ओठांकडे. तू पाहिलंस. हे. सांग. याहून स्वच्छ मराठी मला आजवर कुणी ऐकवलं नाही.

मी तिचा तो चांगला हात धरला आणि सगळं सांगितलं. अगं, मी सांगितलं होतं, सगळं सांगितलं होतं, माझ्या नवऱ्याने बदललं, मी पाठ केली नव्हती, मी बघत होते, मीच तर ओरडले. ती ऐकत होती. शेवटपर्यंत ऐकलं. भुवया जागच्या हलल्या नाहीत. माझं बोलणं संपलं तरी ती थोडी थांबली, अजून काही तरी येईल म्हणून, तिला कळेल असं काही तरी. मग पिशवी सावरली आणि जिना उतरून गेली. तिला साहेबांनी काय सांगितलं असणार ते मला माहीत आहे. तुझी ती मैत्रीणसुद्धा म्हणते की तिने काही पाहिलं नाही. तेवढं तिला तिच्या भाषेत कुणी तरी नक्की सांगितलं असेल. माझं मात्र तिच्यापर्यंत काहीच पोचलं नाही. सोमवारी कारखान्यातलं तिचं कपाट रिकामं होतं. चूक तिचीच ठरली, काम गेलं, आणि कामावरच तिचे कागद होते, म्हणून तिला तिच्या देशात परत धाडलं. देश कुठला तेही मला माहीत नाही. नावसुद्धा धड म्हणता यायचं नाही मला.

मिरचीने संध्याकाळी बाबांना सांगितलंच, "एक मावशी आली होती, तिचा हात हरवलाय." ह्यांनी ताट सरकवलं. न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आल्यावर एवढंच म्हणाले, "यापुढे दार उघडायचं नाही." त्यांचे डोळे लाल होते. आम्ही आता फारसं बोलतच नाही. खालच्या म्हातारीला आमची काही तक्रार नाही.

मी म्हटलं होतं, काम सोडते. पण हे म्हणतात, लगेच सोडलंस तर त्यांना वाटेल तुझ्या मनात काही तरी आहे. कागद पक्के होऊ देत, मग सोड. कधी पक्के होणार ते कुणी सांगत नाही. तिकडे आईला यातलं अक्षर कळू देऊ नकोस. ती विचारेल तेव्हा सांग, पोरगी मजेत आहे, फक्त सर्दी झालीय म्हणून आवाज बसलाय. तुझ्या सासूबाईंच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव. आणि दुकानात माझ्या जागी जी नवी आलीय तिला एवढी छळू नकोस, मोजायला शिकेल हळूहळू.

आता पत्र का लिहिलं ते सांगते. चिंधी पुन्हा बांधलीय. ती जाऊन आठवडाही झाला नाही. भुवईच्या टोकाला, त्या झिजलेल्या अस्तरापाशी, आता मला उभं केलंय. माझ्या जुन्या टोकाला एक नवी पोरगी आलीय, विशीतली, तिची भाषा अजून चौथीच. पहिल्याच दिवशी मी तिला एक शब्द शिकवला. थांब. ती "ताम" म्हणते. मी तिला म्हणायला लावते, पुन्हा पुन्हा, ती हसते, तिला वाटतं बाई खेळतेय. मी चुण्यांना हात लावत नाही, लागू नये म्हणून जपते. पण दिवसभरात एकदा तरी लागतोच, मुकादमीण मागे उभी असली की लागतोच. तेव्हा एक लक्षात ठेव. मला काही झालं, तर तुम्हाला तिकडे फोन हेच करणार. माझ्या आईला, तुला, सगळ्यांना. रडतील, आणि खरंच रडतील. पण काय झालं ते थोडक्यात सांगतील. तिचीच चूक झाली, म्हणतील, लक्ष नव्हतं. ते ऐकून घे, त्यांच्याशी भांडू नकोस, मिरचीकडे बघ. आणि मिरची मोठी झाली की तिला हे वाचून दाखव, एकही ओळ न गाळता. मी गप्प बसले नव्हते. मी सगळं सांगितलं होतं.

तुझीच,
काउंटरशेजारीण